बिरजूच्या दुकानातली तिसरी दुर्बीण

दुर्बीण घ्यायला लटारूबरोबर चांद्याला मी गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यातला माझा वाटा झाकून लिहायचं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

साल त्रेपन्नचं. धानोऱ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात मी एकशिक्षकी शाळेवर मास्तर होतो. मूळचा वर्धेकडचा, चष्मिस, जंगलातलं ओ की ठो न कळणारा. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं आणि तळ्याच्या पाळीला लागून लटारू मारभते याचं घर. जातीनं ढिवर. वर्षभर तळ्यात जाळं टाकायचा, पावसाळ्यात पाच पायलीचं धान लावायचा, आणि दिवाळीपासून मोहफुलं संपेपर्यंत शिकाऱ्यांबरोबर जंगलात जायचा. बंदूक त्यानं आयुष्यात धरली नाही. त्याचं काम बघायचं.

काय बघायचा हो तो. तळ्याच्या पलीकडच्या काठावर चितळांचा कळप उतरला की आम्हाला पिवळसर काहीतरी हललेलं दिसे. लटारू सांगायचा, नर तिसरा आहे, शिंगांवर अजून मखमल आहे, राहू द्या. शिकारीत तो बोलत नसे. बंदूकवाल्याच्या शेजारी उकिडवा बसायचा आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. हात नुसता ठेवला तर थांबा. दाबला तर मारा. त्या हाताशिवाय आमच्या भागात कोणी चाप ओढत नसे, मग तो साहेब असो की मालगुजार. वीस वर्षांत लटारूच्या हातावर एकही मादी पडली नव्हती. गावात त्याला शेत फारसं नाही, गोठा नाही, पण पंचात बसायला जागा होती ती या हातामुळं.

त्या वर्षीच्या पुसात, ऐन थंडीत, तो हात चुकला. ब्रह्मपुरीच्या धानगिरणीचे मालक गुणवंतराव दरसाल परवाना काढून यायचे. लटारूनं त्यांचा गुडघा दाबला, त्यांनी गोळी घातली, आणि जवळ जाऊन पाहिलं तर चितळाची मादी. गाभण. गुणवंतराव वाईट माणूस नव्हते, त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच म्हणाले, "लटारूभाऊ, तुमचे डोळे आता दमले. नागपूरचे लोक आताशा दुर्बीण घेऊन येतात. तुमी एक घेऊन टाका. नाई तं पुढच्या खेपेला मी चैतूले नेतो."

चैतू म्हणजे लटारूच्याच हाताखाली तयार झालेला गडी. शिकारीतला त्याचा ठरलेला वाटा, म्हणजे जनावराची मान, लटारूनं घेतला नाही. पोटातलं पाडस त्यानं स्वतः खड्डा करून पुरलं. चौथ्या दिवशी तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, दुर्बीण कुठी भेटते?"

"चांद्याला. पण महाग असते, लटारूभाऊ."

"तीस रुपये हायेत. भागीनं मोहाचे ठेवले होते." भागी म्हणजे त्याची बायको, भागीरथा. "तुमी चाला संग. मले काचेतलं काई समजत नाई."

मला तेव्हा मोठा मान वाटला. नेमका तो मान मला नडला.

गडचिरोलीपर्यंत बैलगाडी, मग डोंग्यातून वैनगंगा, पुढं मूलपर्यंत लाकडाच्या ट्रकवर आणि तिथून छोट्या रेल्वेनं चांदा. गोल बाजाराच्या मागं बिरजू नावाच्या माणसाचं जुन्या सामानाचं दुकान होतं. लढाई संपल्यावर लिलावात निघालेलं सैन्याचं सामान त्याच्याकडं यायचं. बूट, कंबरपट्टे, पाण्याच्या बाटल्या. दुर्बिणी तीन होत्या. त्यानं फळीवर ओळीनं मांडल्या.

आता दुर्बीण निवडायची म्हणजे काय करायचं हे मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. काच हालते का बघायचं, चाक फिरतं का बघायचं, बाहेर जाऊन लांबचं काहीतरी बघायचं. लटारूची रीत निराळी होती. त्यानं पहिली दुर्बीण उचलून आधी तिचा वास घेतला, मग हातात तोलली. रस्त्यावर आला आणि शहराच्या कोटाच्या जटपुरा दरवाजाच्या दिशेनं लावली. दरवाजाच्या माथ्यावर माकडं बसली होती.

बराच वेळ बघून त्यानं ती खाली घेतली. "धुकं हाय हिच्यात."

बिरजू म्हणाला, "धुकं? भाऊ, साहब लोग की चीज है. एकदम साफ."

मी बघितली. मला माकडाच्या मिशा दिसल्या. दरवाजावरचं गवत दिसलं, त्यातलं एक कबुतराचं पीस दिसलं. कुठंच धुकं नव्हतं. पण मी कोण? सात नंबरचा चष्मा लावणारा मास्तर. ज्याला तळ्यापलीकडची मखमल दिसते त्या माणसाला काचेत धुकं दिसत असेल तर ते असणारच, माझ्या डोळ्यांना कळत नसेल. हे मी मनाशी अगदी पक्कं केलं. तोंडातून शब्द काढला नाही.

दुसरी त्याहून चांगली होती. चामड्याची पेटी, नवा पट्टा. बिरजू सव्वीसला द्यायला तयार झाला, मग चोवीसला. लटारूनं लावली, काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, परत लावली. "हिच्यातबी तेच. दूध सांडल्यासारखं दिसून राह्यलं."

मी पुन्हा पाहिली. पुन्हा मला लख्ख दिसलं. पुन्हा मी गप्प बसलो.

तिसरी बारा रुपयांची. रंग उडालेला, एका नळीला पोचा. लटारूनं ती डोळ्यांना लावली आणि त्याचा चेहराच बदलला. तसा चेहरा मी पोरांच्या निकालाच्या दिवशी पाहतो. "हे हाय," तो म्हणाला. "मास्तर, हे चांगली हाय. डावीकडचं ते माकड मादी हाय, पोटाशी पिल्लू हाय. साफ."

त्यानं ती माझ्या हातात दिली. मी बघितलं तर उजव्या नळीतून माकडीण आणि पिल्लू दिसत होतं. डाव्या नळीतून काहीच नाही. पोचा बसला त्या ठिकाणी आतली काच सरकून आडवी झाली होती, नुसता काळोख. मी बिरजूकडं पाहिलं. तो दुसरीकडं पाहत होता.

इथं मी माझी अक्कल चालवली. मला वाटलं, लटारूला हे कळलंय. बंदूकवाले एकाच डोळ्यानं नेम धरतात, याला एकच नळी पुरते. म्हणून अर्ध्या किमतीत माल उचलतोय, आणि बोललो तर बिरजू सावध होईल म्हणून गप्प आहे. मीही त्याला साथ दिली. उलट बिरजूला म्हणालो, जुनी आहे, दहाला दे. त्यानं अकराला दिली.

त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. चांगल्या दुर्बिणीत तो डोळाही उघडा राहायचा आणि त्याचं सगळं दूध उजव्या डोळ्याच्या दिसण्यावर सांडायचं. तिसरीनं डावा डोळा झाकला, म्हणून त्याला साफ दिसलं. दोन चांगल्या दुर्बिणी त्याला त्याच्या डोळ्याचं दुखणं सांगत होत्या. तिसरीनं ते लपवलं, आणि त्यानं नेमकी तीच घेतली. हे सगळं मला एका डॉक्टरनं पाच मिनिटांत समजावलं. पण ते तीन वर्षांनी.

परतताना डोंग्यात लटारू लहान मुलासारखा झाला होता. दुर्बीण लावून पलीकडच्या घाटावरची माणसं मला ओळखून दाखवत होता. मी म्हणालो, "लटारूभाऊ, बिरजूला बरं फसवलंत."

तो खूप हसला. "चांगली चीज हाय, त्याले समजलंच नाई." आम्ही दोघंही हसलो, आपापल्या समजुतीत.

आता भागीरथाचं सांगतो. बुटकी, काटक बाई, बोलायला कमी. तिच्या हक्काचं एक मोहाचं झाड होतं, तळ्याच्या पाळीखालचं; लग्नात तिच्या बापानं लटारूच्या बापाकडून ते पोरीच्या नावानं मागून घेतलं होतं. आमच्याकडं मोहाची झाडं अशी घराघरांत ठरलेली असतात. फाल्गुन-चैतात फुलं गळायला लागली की बाया झुंजुमुंजूला टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्याच वेळेला त्याच फुलांसाठी अस्वलंही येतात. म्हणून काही बाया बोलत जातात, काही गाणी म्हणतात. भागीरथा एक घासलेटाचा रिकामा डबा बरोबर न्यायची आणि वेचता वेचता मधूनमधून काठीनं वाजवायची. टण्ण, टण्ण. शाळेच्या खोलीत माझी झोप रोज त्या आवाजानं मोडायची. मी एकदा वैतागून बोललोही होतो. बाकीच्या बाया दोन-तीनदा हाळी देऊन थांबतात, ही डबा काय बडवत बसते? ती म्हणाली, "अस्वल येते, मास्तर." मी ते खरं मानलं. सगळ्या गावानं मानलं होतं.

दुर्बीण आल्यावर लटारूचा मान परत आला. माघात गुणवंतराव आले, एक डुक्कर आणि एक नर सांबर पडलं. दोन्ही वेळा उजेड चांगला होता. चैतूचं नाव कोणी काढलं नाही. लटारू दुर्बीण गळ्यात घालून पंचात बसायला लागला. लोक चेष्टा करायचे, त्यालाही ती आवडायची.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा गुणवंतराव पुन्हा आले. त्यांना अस्वल पाहिजे होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी लटारूच्या अंगणात बसलो होतो. भागीरथा टोपली विणत होती. लटारू तिला म्हणाला, "उद्यापासून डबा नोको वाजवू. जनावर तीन झाडं सोडून पळते. साहेब का नुसता बसून राह्यन?"

"डबा नाई वाजवला तं..." ती म्हणाली आणि थांबली.

"आता मले दिसते ना. हे हाय ना आता." त्यानं छातीवरच्या दुर्बिणीला हात लावला. "तू तुह्यं वेच. आमी नाल्याकडं हावोत."

भागीरथानं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग उठून डबा आत नेऊन ठेवला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी आनंद म्हणेन. मी चुकत असेन असं मला पुढं फार वाटलं, पण नाही, तो आनंदच होता.

सकाळी माझी झोप डब्यानं मोडली नाही. गोळीच्या आवाजानं मोडली.

काय झालं ते लटारूनं पंचांसमोर सांगितलं तसं लिहितो. नाल्याकडं अस्वल आलं नाही. उजेड फुटायच्या आधीच गुणवंतराव कंटाळून उठले. परतताना दोघं तळ्याच्या पाळीवर आले. खाली मोहाच्या झाडाशी काळं काहीतरी जमिनीला लागून हळूहळू सरकत होतं. लटारूनं दुर्बीण लावली. काळी पाठ दिसली. खाली घातलेलं डोकं दिसलं. पहाटेचा गारठा होता म्हणून भागीरथानं काळं घोंगडं पांघरलं होतं, आणि मोह वेचणारी बाई उभी राहत नाही, दोन पायांवर बसून सरकत जाते. आवाज काहीच नव्हता. लटारूनं गुणवंतरावांचा गुडघा दाबला.

मी पोचलो तेव्हा लटारू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. गोळी कमरेच्या वर लागली होती. गुणवंतराव झाडाला धरून ओकत होते. गाडी जुंपली, गवत टाकलं, आणि आम्ही गडचिरोलीच्या दवाखान्याकडं निघालो. बैल चैतूनं हाकले. लटारू गाडीच्या पुढं पळत होता, वाटेतले दगड बाजूला करत, म्हणजे तिला हिसके बसू नयेत. त्याला निम्मे दगड दिसत नव्हते. चाकं त्यांच्यावरून जात होती.

गाडीत भागीरथाजवळ मी होतो. ती शुद्धीवर होती. पाणी मागितलं, ते मी पाजलं. मग ती म्हणाली, "मास्तर, त्याइले काई बोलू नोका."

"नाही बोलत. तुम्ही पडून राहा, भागीबाई."

"त्याइले दिसत नाई. तीन साल झाले. मले ठाव होतं." ती थांबत थांबत बोलत होती. "म्हनून डबा वाजवत होतो. मी कुठी हावो ते त्याइले समजावं म्हनून. अस्वलाचं नाव सांगत होतो लोकाइले."

मी तिच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं.

"मंग दुर्बीण आनली. म्हनले, आता दिसते. मी म्हटलं, दिसत असन तं बरं झालं." मग तिनं डोळे मिटले. "डबा वाजवाले लाज वाटे मले. सारे हासत."

त्या हसणाऱ्यांत मीही होतो. गडचिरोली तीन कोस राहिली असताना ती गेली. लटारू पुढं पळतच होता. त्याला थांबवायला चैतूला गाडीवरून उडी मारून जावं लागलं.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात ठरला. लटारू एकच वाक्य बोलत राहिला, "हात माहा होता." दुर्बिणीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एक नळी काळी आहे हे त्या गावात फक्त मला ठाऊक होतं. भागीरथानं सांगितलेलंही मी पोटात ठेवलं, तिनं बोलू नका म्हटलं म्हणून. खरं तर मला ते सोयीचंच होतं. गुणवंतराव पुन्हा आमच्या बाजूला आले नाहीत. दुर्बीण लटारूच्या घरातल्या खुंटीला लागली.

पुढच्या साली मोह गळायला लागला आणि एका पहाटे माझी झोप मोडली. टण्ण, टण्ण. मी धावत पाळीवर गेलो. लटारू झाडाखाली बसून हातानं चाचपून फुलं गोळा करत होता, आणि मधेच काठी घेऊन डबा वाजवत होता. मी तिथूनच परत फिरलो.

त्याचा दुसरा डोळाही जात होता. आता तो लपवण्यासारखा नव्हता. छप्पन्नच्या थंडीत चांद्याला डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा मी त्याला जवळजवळ ओढूनच नेलं. तो म्हणायचा, आता पाहून का करू. मी त्याच्याशी भांडलो, शिव्या दिल्या, शेवटी त्याच्या पाया पडलो. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिथल्या डॉक्टरला मी दुर्बिणीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं मला वर लिहिलं आहे ते समजावलं. मग म्हणाला, "त्याच वेळी आणलं असतं तर हा डोळा तेव्हाच मिळाला असता." त्याला बिचाऱ्याला बाकीचं काय माहीत.

जाड भिंगांचा चष्मा लावून लटारू गावात आला. मी त्याच्याबरोबर घरापर्यंत गेलो. तो एकेक वस्तू पाहत होता. चूल पाहिली, कोपऱ्यातला डबा हातात घेतला, त्याच्यावरचे काठीचे पोचे बोटानं चाचपले. मग खुंटीवरची दुर्बीण काढून दारात आला. चष्मा वर सरकवला आणि तळ्याकडं लावली.

बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग उजवा डोळा मिटला. मग डावा. मग दुर्बीण उलटी करून आत बघितलं.

"मास्तर, हे तं इकडून आंधळी हाय."

"हो," मी म्हणालो.

"पडली का कवा?"

"नाही. घेतली तेव्हापासूनच तशी आहे."

"तुमाले तवा दिसलं होतं?"

"हो."

"अना त्या पयल्या दोन? त्याइच्यात धुकं होतं का?"

"नव्हतं, लटारूभाऊ. दोन्ही चांगल्या होत्या."

त्यानं चष्मा खाली ओढून माझ्याकडं पाहिलं. त्या भिंगांमागं त्याचे डोळे फार मोठे दिसत होते, आणि त्यांना आता सगळं दिसत होतं. "मंग बोलले काऊन नाई?"

मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसतं."

तो आत गेला. दुर्बीण परत खुंटीला अडकवली. मग मी त्याला भागीरथानं गाडीत सांगितलेलं सगळं सांगितलं, डब्याचं, तीन वर्षांचं. अडीच वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"तिले ठाव होतं," तो म्हणाला. "तुमाले ठाव होतं. मलेच कोनी सांगितलं नाई."

थोड्या वेळानं तो उठला, जाळं खांद्यावर टाकलं आणि तळ्यावर गेला. संध्याकाळी चैतूच्या हाती त्यानं माझ्यासाठी दोन मासे पाठवले, नेहमी पाठवायचा तसेच. पुढं माझी बदली होईपर्यंत पाठवत राहिला. वाटेत भेटला की थांबायचा, शाळेचं विचारायचा. एकदाही तो माझ्याशी वाकडं बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं.